धुऱ्यावरचे रोडगे

चैत्र सरत आला की आमच्याकडे धुरे, म्हणजे वावरांमधले बांध, जाळतात. पेरणीआधी धुऱ्यावरचं गवत पेटवलं की साप-उंदीर पळतात, गवताचं बी वावरात येत नाही, असा हिशेब. बोरी अरबकडच्या माझ्या वावराचा एक धुरा तांड्यातल्या एका काकांशी सामाईक आहे. त्यावर एकच मोठा कडुनिंब. मागच्या आगीत त्याची काकांकडची बाजू होरपळली. आणखी एक आग त्याला सोसणार नाही, हे दिसत होतं.

मी थर्मामीटर नेला. निंबाखाली आणि उघड्यावर पारा किती, काकांना दाखवलं. फरक सहा अंशांचा. ऊन वाढत चाललंय, अशी झाडं जाळणं परवडणार नाही, या वर्षी धुरा पेटवू नका, असंही बोललो.

काका शांतपणे म्हणाले, "एका धुऱ्यानं दुनिया थंडी होते काय, बापू?"

दुनियेचा आकडा माझ्याजवळ नव्हता, आणि नसलेला आकडा मी सांगत नाही. थर्मामीटर घेऊन घरी आलो.

मार्ग बायकोनं काढला. हनुमान जयंतीनंतर आम्ही वावरात रोडगे करतो, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे. या वर्षी ते निंबाजवळ करायचे आणि काकांच्या घरच्यांना बोलवायचं, असं तिनं ठरवलं. थर्मामीटर मात्र घरी ठेवा, असं मला बजावलं.

निंबापासून लांब, गवत खरडून मोकळ्या केलेल्या जागेत गोवऱ्या पेटवल्या. काकांनी संधी साधली. "मले म्हणते जाळू नका, अन् स्वतः पेटवून राह्यला." सगळ्यांत जास्त मीच हसलो.

वरण, वांग्याची भाजी, तुपात बुडवलेले रोडगे. पोटं तुडुंब भरली आणि सगळे सावलीत लवंडले. होरपळलेल्या बाजूखाली ऊन सरळ अंगावर येई. काका तिकडेच पडले होते. ते सतरंजी ओढत ओढत हिरव्या बाजूला सरकले, थोड्या वेळानं आणखी सरकले, आणि शेवटी माझ्या पायांशी आले. मग वर बघत राहिले.

"गवत कोन कापीन?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही बाजूंचं मी कापतो. चारा तुमच्या बैलांना."

"निम्मं म्या कापतो. तुले विळा धरता येते काय?"

तेवढ्यात वावटळ उठली आणि गोवऱ्यांची एक ठिणगी धुऱ्याकडे उडाली. काका सगळ्यांच्या आधी धावले आणि कळशी उपडी करून ती विझवली.

"प्याचं पानी होतं ते," काकू म्हणाल्या.

काका रिकामी कळशी घेऊन हसत विहिरीकडे निघाले.