उडीमास्तरांचा गुडघा

उडीमास्तर चष्म्याच्या दुकानात काचा घासतात आणि वर्षातून चार-पाचदा लाल कोट चढवून रॉक अँड रोलचं एक जुनं गाणं म्हणतात. तसा त्यांचा बँड दहा गाणी वाजवतो, पण लोक थांबतात ते शेवटच्या त्या एकासाठी. खरं सांगायचं तर त्यातल्या एका उडीसाठी.

या उडीची जन्मकथा मोठी गमतीची आहे. तीस वर्षांपूर्वी, पहिल्याच कार्यक्रमात, शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबली. मास्तरांनी माइकला ओठ लावले आणि असा सणसणीत शॉक बसला की गडी गिटारसकट हातभर उंच उडाला. ड्रमवाल्याला वाटलं, वा, काय कल्पना आहे! मास्तरांचे पाय जमिनीला टेकले त्याच क्षणी त्याने दणका हाणला. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. माइक दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला, उडी मात्र कायमची गळ्यात पडली.

घरी तालीम चाले स्वयंपाकघरात. उडी पडली की खालच्या मजल्यावरच्या आजी छताला झाडूचा दांडा ठोकत आणि मास्तरांची बायको हातातलं काम टाकून खाली माफी मागायला जाई. मास्तर स्वतः कधी गेले नाहीत. कलावंताला एवढी सवड कुठली!

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, जिना चढा, पण उडीचं नाव काढू नका. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

"अहो, साठीला आलात. नाही मारली उडी तर काय बिघडणार आहे?" बायको म्हणाली.

"तुला नाही कळायचं. गाणं दुसऱ्याचं, चाल दुसऱ्याची. गिटारसुद्धा मी कॅसेट पुढेमागे करून शिकलो. त्यात माझं म्हणून काय आहे, तर ती उडी. ती गेली की उरला नुसता चष्मेवाला."

बायकोने त्यांच्या गुडघ्याखाली उशी सरकवली.

महिनाभर वरून धप्प आवाज आला नाही, तेव्हा आजीच काळजीने जिना चढून वर आल्या. "काय गं, बरे आहेत ना तुझे मास्तर?" सगळी हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, "मग मी येतेच कार्यक्रमाला. इतकी वर्षं माझ्या वाट्याला नुसता दणकाच आलाय. गाणं तरी ऐकू दे."

रविवारी दुपारी वाचनालयाचा हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत बायको, शेजारी आजी. ड्रमवाल्याला बजावून ठेवलं होतं की उडी नाही, मनात चार मोज आणि वाजव. त्यानेही मान डोलावली होती.

शेवटचं गाणं रंगात आलं. वाद्यं थांबली. आणि तीस वर्षांची खोड ती, ड्रमवाला काड्या वर धरून मास्तरांच्या बुटांकडे बघत बसला. चार काय, सहा मोजून झाले. मागून कुणीतरी ओरडलं, "उडी!" राहवेना म्हणून मास्तरांनी गुडघे जरा वाकवलेदेखील.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बायको उठली. तिने पर्स आजींच्या मांडीवर टाकली आणि दोन्ही पायांनी सणकून उडी मारली. धप्प!

ड्रमवाल्याने दणका हाणला. गाणं उसळून पुन्हा सुरू झालं. निम्मा हॉल जागच्या जागी उड्या मारत होता. शेवटचं कडवं मास्तर हसत हसत कसंबसं गायले, सुरात गायले असं त्यांचे मित्रही म्हणणार नाहीत. पण इतका आनंद त्यांना पहिल्या कार्यक्रमातही झाला नव्हता.

पडद्यामागे त्यांनी तिला गाठलं. "अगं, अगदी माझ्यासारखी उडी! तालीम कधी केलीस?"

"तालीम कशाला? तीस वर्षं तुमच्या उडीची माफी मीच मागतेय. ती कशी पडते ते मला नाही कळणार तर कुणाला?" ती अजून धापा टाकत होती. "आणि आता माझ्या उडीची माफी तुम्ही मागून या. आजींनी पुसायला काढलेला चष्मा खाली पडला होता. त्याच्यावरच उतरले मी."