बाप मंजूर, आई नामंजूर

यांनी अमेरिकन वकिलातीचं पाकीट फोडलं, पत्र वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुकून शेजारच्या घरातून इकडे आले होते. बापाचं नातं सिद्ध झालं होतं, आईचं नाही. मुलाच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून जी बाई होती, ती मी नव्हते!

मी पत्र ओढून घेतलं आणि स्वतः वाचलं.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. हे रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि अमेरिकेतल्या एकुलत्या मुलानं आम्हाला कायमचं तिकडे राहायला बोलावलं होतं. नागपूरच्या धंतोलीतले ओळखीचे वकील फॉर्म भरून देतो म्हणाले, पण मी पडले मॅट्रिक पास! "लेकाच्या घरी जायले वकील काहून लागते?" म्हणत त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. फॉर्म मी भरला, मोत्यासारख्या अक्षरात. 'याआधीचे नाव, असल्यास' या रकान्यात ठसक्यात रेघ ओढली. दोन-दोन नावं चोरांची असतात, अशी माझी समजूत. मग गल्लीभर सांगून आले, तुळस सोडून सगळ्या कुंड्याही वाटून टाकल्या.

आणि आता आठवलं. लग्नात यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. ते तांदूळ कधीच कुणाच्या पोटात गेले, कागद कुठून आणायचा? बाळंतपण माहेरी झालं, तेव्हा दवाखान्यात वडिलांनी लेकीचं माहेरचंच नाव सांगितलं होतं.

"मी होतो पुढं," हे म्हणाले. "तू कोण हायेस ते ठरलं का ये मंग."

दोन्ही नावांची बाई एकच, हे शपथेवर सांगू शकेल असं वडीलधारं माणूस एकच उरलं होतं, गांधीबागेतल्या नणंदबाई. नवं नाव त्यांनीच निवडलेलं. ते मला आवडलं नाही, हे मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. इतकी मी हुशार!

"आज आठोन आली वं तुले माही?" त्या म्हणाल्या. "म्या ठेवलेलं नाव बेकार होतं ना?"

"नाव बेकार नव्हतं बाई, मीच बेकार होती."

लेकासाठी मी काहीही म्हटलं असतं. त्यांनी चपला घातल्या.

कोर्टाबाहेर झाडाखालच्या टायपिस्टकडून प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलं, आत दिलं आणि आम्ही बाकावर बसलो. शिपायानं एक नाव पुकारलं. कुणी उठेना. पुन्हा पुकारलं. पदरानं वारा घेत मी इकडेतिकडे पाहिलं. कोण ही बाई, किती वेंधळी! तिसऱ्या हाकेला नणंदबाईंनी कोपर मारलं.

"ऊठ वं! तूच होय ते."

आईवडील गेल्यावर त्या नावानं मला कुणी हाकच मारली नव्हती. पदर सावरत उभी राहिले.

आत गेल्यावर साहेबांनी विचारलं, "या बाईंना कधीपासून ओळखता?"

"या नावाची पोरगी पाहायले मीच गेली होती साहेब," नणंदबाई म्हणाल्या. "पसंत बी मीच केली."

दुसऱ्यांदा फॉर्म भरताना त्या रकान्यात माहेरचं नाव लिहिलं. इतक्या वर्षांत न लिहिलेलं नाव, मोत्यासारखं अक्षर काही जमलं नाही. तरी आई मंजूर झाली.