लाइन आता माझी

माझी मावशी घाबरट नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज व्हायला नको. बसमध्ये एका पाकीटमाराला तिने छत्रीने बडवून काढलं होतं. शिवणाच्या दुकानात गळ्यात पट्टा टाकून ती उभी राहिली की भलीभली गिऱ्हाइकं मुकाट पोट आत ओढतात. अशा बाईला मी एका वर्षात सुकत जाताना पाहिलं, आणि तेही जी गोष्ट तिने घसा कोरडा करून मागून घेतली होती तिच्या धास्तीने. आमच्या भागात रेल्वे परत येणार होती.

प्रवासी गाडी बंद झाली तेव्हा मी शाळेत होते. आधी संध्याकाळची गेली, मग सकाळची, पुढे मालगाडीही फिरकेनाशी झाली. स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये कुणीतरी सिमेंटची पोती रचून ठेवली. बाहेर पडायचं तर बस उरली. मावशीची मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेलेली. तिच्याकडे जायचं म्हणजे वाटेत बस बदला, पुन्हा बदला, दिवसभर हाडं खिळखिळी करून घ्या. मावशीने तेही केलं असतं, पण काकांना घेऊन ते जमणारं नव्हतं. काका, म्हणजे तिचे यजमान, बस जिथे थांबेल तिथे उतरून चालायला लागायचे.

काका रेल्वेत लाइनमन होते. सकाळी हातोडी घेऊन निघायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या असतील तर ठोकून घट्ट करायच्या आणि आपली हद्द संपेल तिथे पुढच्या माणसाच्या हातात पितळी बिल्ला द्यायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. बिल्ला ज्याच्याकडे, लाइन त्याची. देणाऱ्याने म्हणायचं, ‘लाइन ठीक.’ घेणाऱ्याने म्हणायचं, ‘लाइन आता माझी.’ एवढं झालं की मगच घरी. लाइन बंद पडली तेव्हा पुढच्या हद्दीवरच्या लंबूची बदली झाली, आणि काकांच्या हातातला बिल्ला घ्यायला कुणी आलंच नाही. तो त्यांच्या खिशातच राहिला.

पुढे काकांचं डोकं त्यांना दगा देऊ लागलं. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, मग आपली गल्ली, मग मुलीचं नाव. बाजारात हात सोडला की हरवलेच. रुळांवर मात्र ते कधी हरवले नाहीत. हरवणार कसे? तिथे ना चौक, ना मोटारी, ना मागून अंगावर येणारा स्कूटरवाला. घराच्या मागच्या दारातून लाइनीवर चढायचं, खिंडीच्या तोंडापर्यंत जायचं, परत यायचं. अख्ख्या गावात त्यांच्यासाठी बिनघोर असा एकच रस्ता होता आणि तो रेल्वेचा होता. पुढच्या खोलीत मावशीचं दुकान. मीही तिथेच तुरपाई करत हे काम शिकले. मागून ठोक ठोक ऐकू आलं की मावशी म्हणायची, “निघाले साहेब ड्यूटीवर,” आणि निवांत मशीनवर पाय टाकायची.

मग गाडी परत मिळावी म्हणून मोहीम सुरू झाली. मावशीने तिच्यात उडी घेतली. मोर्चाचे सगळे कापडी फलक तिने शिवले, घोषणा दिल्या, घसा बसवून घेतला. गाडी आली की काकांना डब्यात खिडकीशी बसवायचं आणि थेट मुलीच्या दारात उतरवायचं, तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, हा तिचा बेत. आता खरं सांगायचं तर आमच्याकडे मागण्या करायच्या असतात, त्या मंजूर होतील असं कुणी धरून चालत नाही. ही झाली. लोक नाचले, मावशीही नाचली. दुसऱ्या दिवशी मशीनपुढे बसली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येईना.

“यांचं काय गं?” एवढंच म्हणाली.

काम सुरू झालं. नवे रूळ आले, खांब रोवले, वर तारा ओढल्या. कंत्राटदाराची माणसं काकांना सलाम ठोकायची, चहा पाजायची. पण एक दिवस चाचणीसाठी नुसतं इंजिन येऊन गेलं आणि आमच्या दोघींच्या तोंडचं पाणी पळालं. जुने रूळ तुकड्यांचे होते, गाडी सांध्यांवरून खडखडत यायची, लांबूनच कळायची. नवे रूळ सलग. आम्ही मागच्या दारात उभ्या होतो, तरी इंजिन डोळ्यांना दिसेपर्यंत कानांना कळलं नाही. कुणी रेशमी कापड फाडावं तसा आवाज झाला आणि ते गेलंसुद्धा. मावशीने माझा दंड इतका आवळला की वळ उठले. काका जन्मभर कानांनी गाडी ओळखत आलेले. खडखड नाही म्हणजे गाडी नाही, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं होतं.

मग सुरू झाली घरातली लढाई. मावशीने मागच्या दाराला कुलूप लावलं, तर काका खिडकीतून उतरले. हातोडी लपवली, तर स्वयंपाकघरातला बत्ता घेऊन गेले. बत्ता लपवला तेव्हा कुकरचं झाकण घेऊन निघाले आणि त्या दिवशी आमची हसून हसून पुरेवाट झाली. ते हसणं तेवढंच. नवीन स्टेशनमास्तर बाई भल्या होत्या. त्यांनी मावशीला बसवून नीट समजावलं, की आता लाइनीवर माणूस दिसला तर त्यांना कारवाई करावी लागेल, आणि काकांना एखाद्या संस्थेत ठेवावं हेच बरं. मावशी ऐकून परत आली. “संस्थेत यांना रूळ कोण देणार?” असं मला म्हणाली आणि कापडावर खडूने रेघा मारत बसली. रेघा वाकड्या येत होत्या. रात्र रात्र तिचा डोळा लागत नव्हता, आणि लागला तर रेशमी कापड फाटल्याचा आवाज यायचा, असं तिनेच मला सांगितलं.

झेंड्याची युक्ती तिचीच. लाल झेंडा पाहिला की थांबायचं, हे रेल्वेच्या माणसाला काय शिकवायचं? तिने चांगल्यातलं लाल कापड काढलं, दुहेरी शिवण घातली आणि घरामागे लाइनीवर चढायच्या वाटेत, गाडीवाल्याला दिसणार नाही असा, काठीवर झेंडा लावला. आदल्या दिवशी आम्ही बेत करून पाहिला. मावशी झेंड्याशेजारी उभी राहिली. काका आले, झेंड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि मागे फिरून घरात येऊन पेपर वाचत बसले. मावशीने देवाचे आभार मानले. कितीतरी दिवसांनी त्या रात्री ती झोपली.

पहिल्या गाडीचा दिवस उजाडला. मोहिमेतली मंडळी मावशीला न्यायला दारात आली. काका खाऊन आडवे झाले होते, दाराला कुलूप होतं, मागे झेंडा होता. गाडी आली की तशीच परत फिरते, असं म्हणत ती निघाली. स्टेशनवर बँड, फुगे, नवी साडी, नवे शर्ट, नुसता गलका. त्या गर्दीत काठी टेकत लंबू भेटला. तोच, काकांच्या पुढच्या हद्दीवरचा. पहिली गाडी बघायला मुद्दाम आला होता. काकांची चौकशी केली तेव्हा मावशीने कौतुकाने झेंड्याची युक्ती सांगितली. लंबूचा चेहरा उतरला.

“झेंड्यापाशी कोण उभं आहे?” त्याने विचारलं.

“कोणी नाही.”

“वहिनी, लाल झेंडा गाडीला थांबवतो. आम्हाला तो बोलावतो. शेजारी माणूस असला तर काम चालू आहे, आपण परत फिरायचं. नुसताच झेंडा असला तर पुढे कुठेतरी लाइन मोडलीये आणि तिथे आपला माणूस एकटा आहे. मग सापडेपर्यंत शोधायचं. हद्द बघायची नाही.”

मावशी पुढचं ऐकायला थांबली नाही. तिचे गुडघे दुखरे, पण त्या दिवशी मला तिला गाठता येईना. घरामागे झेंडा फडफडत होता. खिडकी सताड उघडी. लाइनीवर कोणी नाही. मग आम्हाला ते ऐकू आलं, ठोक, ठोक, लांबून आणि पोकळ. आवाज खिंडीच्या आतून येत होता. खिंड म्हणजे दोन्हीकडे उभे कातळ आणि मधून जेमतेम गाडीपुरती वाट, तीही वळणाची. गाडी त्याच बाजूने येणार होती.

मी पळता पळता स्टेशनमास्तर बाईंना फोन लावला. मागे बँड वाजत होता, त्यांना ऐकू जाईना. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा त्यांचा आवाज एकदम बदलला. गाडी मागच्या स्टेशनवरून सुटलीय, ड्रायव्हरला कळवते, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. खिंडीच्या तोंडाशी मावशीने मला मागे ढकललं. “तू आत यायचं नाही,” म्हणाली आणि गेली. तिथून मला दोघं दिसत होती.

काका रुळांमध्ये उकिडवे बसून एकेक चावी ठोकून बघत होते. मावशीने त्यांचा हात धरून ओढला. त्यांनी झटकला. ती रडली, हात जोडले, मुलीची शपथ घातली.

“ड्यूटी सोडून कसं येऊ?” काका शांतपणे म्हणाले. “लाइन मोडलीये कुठेतरी. आणि घाबरतेस काय? आवाज आहे का गाडीचा?”

आवाज नव्हताच. वरची तार मात्र बारीक थरथरायला लागली होती. मावशीने ती पाहिली. तिने पदर खोचला, डोळे पुसले आणि काकांसमोर ताठ उभी राहिली.

“मी बदलीला आलेय,” ती म्हणाली. “बिल्ला द्या.”

काकांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तुला? बायकांना घ्यायला लागले?”

“घेतात आता.”

“बरं झालं,” काका म्हणाले आणि उठले. गुडघे झटकले, शर्टाचं वरचं बटण लावलं. खिसा चाचपला, हा नाही, तो नाही, मग सापडला. त्यांना कसलीही घाई नव्हती आणि मी तोंडात पदराचा बोळा कोंबून उभी होते. त्यांनी बिल्ला तिच्या तळहातावर ठेवला. “लाइन ठीक.”

“लाइन आता माझी,” मावशी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

त्याबरोबर काका शहाण्यासारखे बाजूला झाले आणि कातळात माणसांसाठी खोदलेल्या कोनाड्यात जाऊन उभे राहिले. मावशी त्यांच्या अंगावर जवळजवळ कोसळलीच. वळणावरून गाडी आली. तिचा वेग कमी झाला होता, ब्रेक किंचाळत होते, पण त्या वळणात थांबण्याइतकी जागाच नव्हती. फुलांच्या माळा घातलेलं इंजिन माझ्यासमोरून गेलं, मग डबे, खिडक्यांतून हात हलवणारी माणसं. शेवटचा डबा जाईपर्यंत मला कोनाडा दिसत नव्हता. तेवढा वेळ मी कसा काढला ते मलाच ठाऊक. गाडी गेली तेव्हा काका मावशीच्या खांद्यावरची धूळ झटकत होते. “चल, लाग चालायला,” ते म्हणाले. “पुढचं बघून ये. मी घरी जातो.”

त्या दिवसानंतर काका लाइनीवर गेले नाहीत. बिल्लाच नाही तर जाणार कसे? मावशी रोज सकाळी त्यांच्यादेखत बिल्ला लावते, मागच्या दाराने निघते, वळसा घालून पुढच्या दाराने दुकानात येते आणि गाडी गेली की पुन्हा मागच्या दाराने घरात जाते. काका तोवर खिडकी सोडत नाहीत. ती आली की विचारतात, गाडी भेटली का, बाजूला झालीस का. झाले, असं ऐकल्यावर मगच चहा पितात.

अखेर एकदाचे आम्ही मुलीकडे निघालो. आज सुट्टी, असं मावशीने काकांना सांगितलं, त्यांना पटलं. डब्यात खिडकीशी बसले, बाहेर बघत होते, खुशीत होते. मावशी शेजारी, मी समोर. तिचा बेत इतक्या वर्षांनी पुरा होत होता. खिंड जवळ आली तसे काका अस्वस्थ झाले. खिडकीच्या गजांना नाक लावून पुढे बघू लागले, मग उभे राहिले. चेहरा इतका पांढरा पडला की समोरची माणसं आमच्याकडे बघू लागली. त्यांनी वळून मावशीकडे पाहिलं. ओळख नव्हती.

“बाई, साखळी ओढा,” ते म्हणाले. “माझी बायको लाइनवर आहे.”

मावशीचा चेहरा क्षणभर कसा झाला ते मला सांगता येणार नाही. मग तिने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

“ती कोनाड्यात उभी आहे,” ती म्हणाली. “बाजूला झालीये.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मी बघितलंय तिला.”

काका तिचा हात घट्ट धरून राहिले. काळा कातळ खिडकीला घासत गेल्यासारखा गेला आणि मग एकदम उजेड आला. गाडीखाली काही झालं नाही, हे त्यांनी कान देऊन ऐकलं. श्वास सोडला.

“धीराची आहे,” ते म्हणाले. “पण घाबरते हो. सांगत नाही कुणाला. मला कळतं.”

मावशीने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि शहर येईपर्यंत वळवलं नाही.