सरांची पापलेटं, माझी कालवं

आय लॅबच्या फरशीवर उकिडवी बसून सरांची पापलेटं साफ करत होती. मी बाजूला पांढरा कोट घालून उभी. त्या दिवशी माझ्या प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन होतं. माझ्या!

सर बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमना दारातूनच म्हणाले, "बघा मॅडम, आमच्या डिपार्टमेंटची होम डिलिव्हरी. विथ क्लीनिंग!"

सगळे हसले. आयपण हसली. तिला वाटलं कौतुक चाललंय.

थांबा, आधीचं सांगते. आम्ही पाचूबंदरचे. मच्छीमार. मी मरीन सायन्समध्ये एमएस्सी करते. शेवटच्या वर्षाला स्वतंत्र प्रोजेक्ट असतो, म्हणजे विषय आपला, मेहनत आपली, लिहायचंपण आपणच, गाइडची, म्हणजे सरांची, फक्त सही. मी कालवं घेतली. आमच्या खडकांवरची, जी आय कोयतीने फोडून काढते. हल्ली खडकाला नवी कालवं धरतच नाहीत. शहराचं गटाराचं पाणी कुठवर येतं आणि त्याने हे होतंय का, ते मला बघायचं होतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी सगळ्यात लांब ओसरतं, त्या ओहोटीला चिखल तुडवत जायचं, खडकांवर ऑइल पेंटने चौकोन आखलेले, त्यात नवी पिल्लं किती ते मोजायचं. तळवे फाटायचे. आय सोबत यायची, मी घसरून पडेन म्हणून. घरी आल्यावर अंघोळीआधीच मोबाइलवर टाइप करत बसायचे, इतकं वेड लागलेलं यार.

आता चूक कुठे झाली बघा. आमच्याकडे शिकवणाऱ्याला रिकाम्या हाताने भेटत नाहीत. पहिल्या भेटीला आयने पापलेटं दिली. "सरांना दे. इकायची नाय ही." तिच्यासाठी तो मान होता. सरांना वाटलं, सोय झाली. मग मेसेज सुरू. "शुक्रवारी पाहुणे आहेत. मोठी आण." मी चॅप्टर पाठवला की आठवडे जायचे, उत्तर नाही. मासे आणते म्हटलं की लगेच अंगठा.

प्रेझेंटेशनला आय स्वतः आली. ठेवणीतली साडी, केसांत वेणी, हातात बर्फाचा डबा. तिला मला बोलताना ऐकायचं होतं. बस, तेवढंच.

सर म्हणाले, "मावशी, आलाच आहात तर साफपण करून द्या. आमच्या कामवाल्या बाईला जमत नाही. आत इंग्लिशमध्ये चालतं, तुम्हाला काय कळणार?"

आणि ती बसली. फरशीवर. त्या साडीत.

हॉलमधून माझं नाव पुकारलं. मी म्हटलं, "आय आत आल्याशिवाय मी सुरू करणार नाही."

सर म्हणाले, "अगं, हात बघ तिचे. हॉलमध्ये वास येईल."

समुद्राचं डिपार्टमेंट! बरण्यांत मासे भरून ठेवलेत. त्यांचा वास चालतो.

मी आयच्या हातातून कोयती घेतली. अर्धी साफ केलेली पापलेटं डब्यात टाकली, झाकण लावलं. "सर, ही आम्ही घरी नेतो."

"सही माझी लागते, विसरू नकोस."

आयने माझं मनगट पकडलं. "गप ना बाय! दोन मासं साफ केलं तर मी ल्हान होते काय? तुझं वरीस जाईल." मग सरांकडे वळली. हात जोडले. बोटांना खवलं चिकटलेली. "ल्हान हाय ती सर. माफ करा."

माझ्यासाठी जोडले तिने हात. परीक्षक मॅडम फोन बघत होत्या. मी तिला उठवलं आणि आम्ही बाहेर पडलो. रिक्षात ती रडली. माझ्यावर चिडून रडली.

मला गैरहजर लावलंय. सरांचा निरोप आला, सगळ्यांसमोर सॉरी म्हण, सही देतो. आय अजून माझ्याशी नीट बोलत नाही. रोज एकच विचारते, "गेलीस काय सरांकडे?" तिला कसं सांगू की त्या दिवशी मी गप्प राहिले असते तर वरीस नाही, तीच गेली असती माझ्या हातातून?

दुसरा गाइड द्या असा अर्ज केलाय. का, ते नावानिशी लिहिलंय, पापलेटांसकट. मैत्रिणी म्हणतात वेडी आहेस, एक सॉरीच तर आहे. नाही. वर्ष जाऊ दे. पुढच्या उधाणाच्या ओहोटीला मी परत खडकांवर जाणार, मोजणार, लिहिणार. सॉरी म्हणणार नाही.