ओळखीचा नंबर नसेल तर उचलू नका

सांगायला तोंड नाही मला, पण तुम्ही चहा पाजलाय तर सांगतो. हसायचं असेल तर हसा. माझ्या मात्र हे सांगताना अजून उजव्या पायात कळ येते.

नववीत माझी शाळा सुटली. राणीसावरगावच्या पुढं आमचं लहानसं गाव आहे, तिथं फाट्यावर माझी मोबाईल दुरुस्तीची टपरी. स्वभावानं मी लाजाळू. एखादी बाई रिचार्जला आली तर मी काउंटरच्या काचेशी बोलतो. पण एका विषयावर माझं तोंड सुटतं, तो म्हणजे फोनवरची फसवणूक. आजूबाजूच्या गावांत काही माणसं अशी पार धुऊन निघाली होती. आपल्या गावात हे होऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

मग कुणी नुसती बॅटरी बदलायला आला तरी मी त्याला बाकड्यावर बसवून धडा द्यायचो. ओळखीचा नंबर नसेल तर उचलू नका. 'तुमच्या पोराचा अपघात झालाय, दवाखान्यात आहे' असं कुणी म्हणालं तर समजा चोर आहे. पोराचा फोन बंद लागला तरी घाबरू नका, तोही त्यांचाच डाव असतो. रडण्याचा आवाज आला तरी विरघळू नका, आता आवाजसुद्धा मशीनवर हुबेहूब निघतात. घरातल्या खाणाखुणा सांगितल्या तरी फसू नका, त्या सगळ्या त्यांना मोबाईलमधून कळतात.

मग खरा माणूस ओळखायचा कसा? तर प्रत्येक घरानं एक शब्द ठरवून ठेवायचा. फोनवर जो तो शब्द सांगेल तो आपला. बाकी सगळे परके.

सल्ला चांगला होता. आजही म्हणतो, सल्ल्यात खोट नव्हती.

माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी म्हणजे माझी माय. आमच्या घराचा शब्द मी ठेवला होता 'सर्ज्या', आमच्या बैलाचं नाव. मायनं तो मोठ्या कौतुकानं पिठाच्या गिरणीत सगळ्या बायांना सांगून टाकला आणि वर त्यांचे शब्दही विचारून आली. मी कपाळाला हात लावला आणि शब्द बदलला. या वेळी असा शोधला की जो आमच्या घरात कुणी चुकूनही तोंडातून काढत नाही. का काढत नाही, ते पुढं येईलच. मायला तो पटला नाही. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, बरं, तू म्हणतूस तर.

त्याच आठवड्यात मी पडलो.

परभणीला डिस्प्ले आणायला मोटारसायकलवर निघालो होतो. उसाचे दिवस. गंगाखेडच्या पुढं एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चालला होता आणि मागं रस्त्यावर ऊस सांडत होता. हंगामात आमच्या रस्त्यांना हे नवीन नाही. पण त्या दिवशी माझं चाक नेमकं दांड्यांवर चढलं. नडगीचं हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं, अगदी तसा. फोन खिशातून उडाला आणि मागून येणाऱ्या ट्रकच्या चाकाखाली गेला. गावाच्या मोबाईलला काचा लावून देणारा मी, माझ्याच फोनला काच नव्हती. असती तरी ट्रकपुढं काय टिकणार म्हणा.

माणसं थांबायची, बघायची, निघून जायची. एक केळीचा टेम्पो मात्र थांबला. चालवणारे एक वयस्क चाचा होते. त्यांनी घडांमध्ये जागा केली, केळीच्या सुक्या पाल्यावर मला आडवं केलं आणि घरचा नंबर विचारला. मला मायचा तेवढा पाठ होता.

चाचांनी फोन स्पीकरवर टाकून लावला. मायनं उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. खोटं कशाला बोलू, त्या दुखण्यातही मला जरा अभिमान वाटला. शेवटी कितव्यांदा तरी उचलला. चाचा हळू आवाजात म्हणाले, "बहन, तुमच्या पोराचा अपघात झालाय. मी दवाखान्यात न्यायलोय त्याला."

मग माय म्हणाली, "शब्द सांग."

"कोणता शब्द?"

"घरचा शब्द सांग, मुडद्या. न्हाई येत ना? दुसऱ्याच्या लेकरावर उठलास व्हय? तुह्या घरात लेकरं न्हाईत का?"

चाचांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "बेटा, कौनसा शब्द?"

आणि माझ्या डोक्यात काही नाही. तुम्ही कधी पाय मोडून घेतलाय का? सगळं पांढरं पांढरं दिसतं. त्यात जो शब्द घरात कुणी वर्षानुवर्षं बोलत नाही, तो ऐन वेळी तोंडावर येणार कसा? मी जीव खाऊन ओरडलो, "सर्ज्या!"

"ते जुनं हाय," माय म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढं चाचांचा फोन लागेचना. मायनं नंबर ब्लॉक केला होता. ब्लॉक कसं करायचं हे मीच तिला तिचं बोट धरून शिकवलं होतं.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बघितला. हाड दोन जागी मोडलंय, आत सळई टाकावी लागेल, सूज चढायलीय, घरच्यांना लवकर बोलवा, म्हणाले. पाय वाचेल ना, असं विचारलं तर त्यांनी घरच्यांना बोलवा एवढंच पुन्हा सांगितलं. तिथून पुढं माझी हवा गेली.

शेजारच्या खाटेवर कमरेचं हाड मोडलेले एक आजोबा होते. त्यांच्या म्हातारीनं आपला फोन दिला. या वेळी मी स्वतः बोललो.

"माय, मी बाळ्या बोलायलोय."

ती फोन ठेवेल म्हणून मी घाईघाईनं खुणा सांगायला लागलो. गुडघ्यावरचा व्रण, लहानपणी विहिरीत पडलो होतो ते, गेल्या पोळ्याला तिला चक्कर आली होती ते. सांगता सांगता मला रडू फुटलं.

"हे समदं मोबाईलात असतंय," माय म्हणाली. आवाज कापत होता तिचा. "माह्या लेकराचा आवाज काढून रडायलास व्हय रे? लाज वाटू दे जरा."

फोन बंद. तो नंबरही ब्लॉक.

ती घाबरली होती हे मला कळत होतं. माझा फोन लावून लावून थकली असणार. पण तिनं धडा सोडला नाही. इतकं चांगलं शिकवायची काही गरज होती का मला?

त्या खोलीत सगळ्यांनी मला अनाथ ठरवून टाकलं. शेजारच्या म्हातारीनं अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "आई-बाप न्हाईत का रे बाबा तुला?"

"आहेत."

"मग येईनात कसे?"

"ते माझं ऐकतात," मी म्हणालो.

दुपारी चाचा केळी उतरवून परत आले. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, धडा, शब्द, मशीनवरचे आवाज. ते हसले नाहीत. मशीन सोड, आपण माणूस पाठवू, एवढं बोलून एस.टी. स्टँडवर गेले आणि आमच्या बाजूला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरला निरोप देऊन आले: बालाजीचा पाय मोडलाय, परभणीत आहे, बाकी ठीक आहे, घरच्यांना पाठवा. कंडक्टरनंही प्रामाणिकपणे तो निरोप संध्याकाळी आमच्या फाट्यावर सखाराम तात्यांना सांगितला. तात्या म्हणजे आमच्या गावात कुणाचंही मयत असो, बांबूपासून राखेपर्यंत सगळं बघणारा माणूस.

आणि इथं माझी दुसऱ्यांदा वाट लागली.

आमच्याकडं वाईट बातमी कुणी पुरती सांगत नाही. ऐकणारा वाटेतच कोसळू नये म्हणून तिला कापून लहान करतात. माझा चुलता कर्नाटकात कारखान्यावर ऊस तोडायला गेला होता, तेव्हा 'ताप आलाय, येऊन जा' असा निरोप आला होता. दादा, म्हणजे माझे वडील, आजारी भावाला म्हणून संत्र्यांची पिशवी घेऊन गेले. पोचले तर त्याच्या झोपडीवजा कोपीपुढं चुलता पांढऱ्या कापडात. पिशवी तशीच परत आली आणि खुंटीला टांगल्या टांगल्या सडली. तेव्हापासून आमच्या घरात ते फळ येत नाही आणि त्याचं नावही कुणी घेत नाही.

तेव्हा तात्यांनी काय हिशोब केला असेल ते तुम्हाला कळलं असेल. ताप म्हणजे माणूस जातो, तर 'पाय मोडलाय, बाकी ठीक आहे' एवढं सांभाळून सांगतात म्हणजे राहिलं काय? फोन करून खात्री करावी तर फोनवरचं काही खरं मानायचं नाही असं गावाला मीच शिकवलेलं. घरी येऊन तात्यांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला. माय जमिनीवर बसली. तिला तेव्हा समजलं की फोनवर रडत होता तो मशीनवरचा आवाज नव्हता. रात्रभर ती एकच वाक्य बोलत होती असं मला नंतर कळलं. मी त्याला लाज वाटू दे म्हणलं. मी त्याला लाज वाटू दे म्हणलं.

सकाळी जीप निघाली. माय, दादा, तात्या आणि खांदा द्यायला गावातले काही जण. तात्यांच्या पिशवीत पांढरं कापड. मागं राहिलेल्यांनी लाकडं मसणात नेऊन टाकायची असं ठरलं.

गंगाखेडला दादांनी जीप थांबवली. कुणाला वाटलं चहा घेतील. ते उतरून फळांच्या गाड्यावर गेले आणि संत्री घेऊन आले. तात्यांनी हळूच विचारलं, कशाला? दादा मुळात कमी बोलतात. ते म्हणाले, "पाय मोडलाय म्हणला ना कंडक्टर? मग मोडलेल्या पायाला चालतेत."

परभणी येईपर्यंत ती पिशवी दादांनी मांडीवर धरून ठेवली होती.

मी काय करत होतो? मी म्हातारीनं दिलेली भाकरी चहात बुडवून खात होतो. वर बघितलं तर दारात माय. ती रडली नाही, धावत आली नाही. दाराची चौकट धरून तशीच उभी राहिली. डोळ्यांवरही विश्वास ठेवू नका, हे तेवढं मी शिकवलं नव्हतं, ते ती स्वतःच शिकली होती.

"शब्द सांग," ती म्हणाली. इतकं हळू की मला ओठांवरून समजलं.

मी तिच्या मागं बघितलं. दादा उभे होते, हातात पिशवी.

"संत्री," मी म्हणालो.

माय आली आणि माझ्या धड पायावर तिनं फाडकन चापट मारली. मग त्याच पायावर डोकं टेकवून बसली, ती किती तरी वेळ उठली नाही. दादा खाटेच्या कडेला बसून संत्रं सोलायला लागले. साल काही केल्या एकसंध निघेना. तात्या आपली पिशवी पायानं खाटेखाली ढकलत होते, तेवढ्यात म्हातारीनं त्यात काय आणलंय असं विचारलं. अंथरायला आणलंय, तात्या म्हणाले. आता म्हणालेच आहेत म्हटल्यावर अंथरावं लागलं. ऑपरेशन होईपर्यंत मी माझ्याच कफनावर झोपलो.

आणि ती लाकडं अजून मसणात आहेत. मी तात्यांना म्हणालो, परत आणू या. मसणात गेलेलं लाकूड घरी आणत नसतेत, तात्या म्हणाले, राहू दे, तुहंच हाय. गावाबाहेर जाताना मला ती दिसतात.

इथं किस्सा संपला असता तर बरं झालं असतं. पण नाही.

रात्रभर माझ्याजवळ थांबलेले चाचा आमचे लोक आले तसे गर्दीत कधी निघून गेले, कळलं नाही. मायच्या मनाला फार लागलं होतं. भल्या माणसाला तिनं मुडद्या म्हटलं होतं. फोन करून माफी माग म्हणून ती रोज मागं लागायची. मी त्यांचा नंबर तिच्या ब्लॉकमधून काढला, पण फोन उद्या करू, परवा करू असं चाललं. आधीच मी लाजाळू, त्यात सुरुवात कशी करायची? तो नंबर नाव घालून ठेवायचंही माझं राहिलं.

मी प्लॅस्टरचा पाय घेऊन बाजेवर पडलेलो असताना एक दिवस मायचा फोन वाजला. अनोळखी नंबर. माय चुलीपुढं होती म्हणून मी उचलला.

"कैसा है बेटा? पाय कसा हाय आता?"

मी टपरीवरच्या आवाजात सुनावलं की आम्ही असल्यांना चांगलं ओळखतो, पुन्हा फोन केलात तर पोलिसांत देईन. आणि नंबर ब्लॉक केला. बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी कामात आल्यासारखं वाटलं.

कोण होतं, मायनं आतून विचारलं. म्हटलं, चोर, आता पायाची चौकशी करून सुरुवात करायलेत.

माय पिठाच्या हातांनीच बाहेर आली. माझ्या प्लॅस्टरकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बाळ्या, तुहा पाय मोडल्याचं चोराला कुणी सांगितलं रे?"

मी ब्लॉक काढला. फोन लावला. चाचांनी उचलला. मी माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, माफी मागितली, मायची वेगळी मागितली. पलीकडून शांत आवाज आला.

"पैले शब्द बोलो, बेटा."

ते चेष्टा करत होते. मायला कळलं, कोपऱ्यात बसलेल्या दादांनाही कळलं. मला कळलं नाही. आमचा शब्द मी आदल्याच दिवशी पुन्हा बदलला होता, आणि फोन कानाला लावून मी खरोखर तो आठवत बसलो.