उसाच्या चिठ्ठीवरचा आकडा
साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की कडेगावची ती दुपार आठवते. जगातल्या कुणीही कोड सुधारावा अशा एका ओपन सोर्स जावा प्रोजेक्टला मी माझी पहिली दुरुस्ती पाठवली होती, कारण १, २, ३ असे मराठी आकडे दिले की तो प्रोग्रॅम बंद पडायचा. तपासणाऱ्या परदेशी माणसानं ती नाकारून विचारलं, "असे आकडे आता लिहितं कोण?" माझं डोकंच फिरलं. वडलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आमी लिवतो म्हनून सांग की त्येला!" आणि खिशातली, मराठी आकड्यांत हातानं लिहिलेली उसाच्या वजनाची चिठ्ठी पुढं केली. मी तिचा फोटो पाठवला, आणि कोडमधला प्रत्येक बदल स्वीकारण्याआधी जी चाचणी आपोआप चालते, तिच्यातही तोच आकडा घातला. त्याला दुरुस्ती घ्यावी लागली. आज कुठल्याही देशातून कुणी तो कोड बदलला, तरी आधी आमच्या उसाचं वजन बरोबर वाचून दाखवावं लागतं.