पहिला मासा दर्याचा

आमच्या जेटीवर हौसेनं गळ टाकणाऱ्यांचा एक रिवाज आहे: दिवसाचा पहिला मासा समुद्राला परत द्यायचा. पूर्वी ते सोपं होतं. मागून पालू, गोबरे, तांबोश्या येतच राहायच्या. आता लागलंच तर एखादं शेंगाळं लागतं.

काल शेजारच्या बाबूकाकांच्या गळाला कित्येक वर्षांनी तांबोशी लागली. हातभर लांब, लालबुंद. काकांनी तिच्या तोंडातला गळ अलगद काढला आणि तिला पाण्यात सोडून दिलं.

"काका, दिवसभरात एकच तर मिळाली होती!" मी कळवळलो.

"एकच गावली, तरी पयलीच मां ती?" काका हसले.

घरी पिठलं-भात होता. समुद्रात तांबोशी अजून आहे, या आनंदात दोन घास जास्तच गेले.